नोकरीचा विमा नाही, मग दवाखान्याचा खर्च कसा भागवायचा? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडगाव-खासबागचे मागवाले, उद्यमबागेत कंत्राटावर जाणारी पोरं, खानापूरच्या बाजूचे शेतकरी, निपाणीत बिडी वळणाऱ्या बाया, खडेबाजारातले छोटे दुकानदार. यांच्या पगाराला विमा चिकटलेला नसतो, कारण बहुतेकांना पगारच नसतो. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आम्ही दोघं-तिघं फॉर्म भरून द्यायला बसतो. आमच्यापैकी कुणीही एजंट नाही. तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

1. नोकरीतून विमा नाही. सुरुवात नक्की कुठून करायची?

घरातल्या रेशनकार्डापासून. लोक उलटं करतात. आधी कुणातरी ओळखीच्या एजंटकडून पॉलिसी घेतात, आणि कपाटात बीपीएल कार्ड असूनही त्यावर काय मिळतं ते विचारत नाहीत. कार्ड बीपीएल किंवा अंत्योदय असेल तर प्रश्न 2 वाचा, एपीएल असेल तर प्रश्न 3. घरात कुणी दूध सोसायटीचं, पीकेपीएसचं (गावच्या शेती पतसोसायटीचं) किंवा दुसऱ्या सहकारी संघाचं सभासद असेल तर प्रश्न 6. घरी कुणी फौजेतून निवृत्त असेल तर थेट प्रश्न 15. हे सगळं बघून झाल्यावर जी भोकं उरतील ती बुजवायला खासगी पॉलिसी. एक तपासणी मात्र सगळ्यात आधी करा: तुम्ही कारखान्यात जात असाल तर तुमचा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) खरंच नाही का? (प्रश्न 14)

2. बीपीएल कार्ड असलं की 5 लाखांचे उपचार आपोआप फुकट होतात का?

हक्क आपोआप आहे, उपचार आपोआप नाहीत. कर्नाटकात केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची आरोग्य कर्नाटक या दोन योजना 2018 मध्ये एकत्र केल्या. राज्याच्या बाजूने त्या सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट चालवतो. बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही रक्कम माणशी नाही, अख्ख्या कुटुंबाची मिळून आहे. हप्ता काहीच भरावा लागत नाही. जुनं दुखणं असलं तरी चालतं, थांबायची मुदत नाही. खासगी विम्यात असं काही मिळत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

कार्ड ग्राम वन, कॉमन सर्व्हिस सेंटर किंवा सरकारी दवाखान्यात निघतं. आधार आणि रेशनकार्ड लागतं, आणि ज्याचं कार्ड त्याने स्वतः अंगठा लावायला यावं लागतं. आशा आणि अंगणवाडी सेविकांनाही केंद्राने 2024 मध्ये आयुष्मानमध्ये घेतलं आहे. ओपीडी, घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्या आणि चष्मा यांचा खर्च यात बसत नाही. अडलं तर आयुष्मानचा 14555 किंवा राज्याचा 104 क्रमांक.

3. आमचं एपीएल कार्ड आहे. म्हणजे आम्हाला काहीच नाही का?

आहे, पण थोडं. एपीएल कुटुंबाच्या उपचाराचा जो सरकारी दर ठरलेला असतो, त्याच्या 30 टक्के सरकार भरतं, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. उरलेले 70 टक्के तुमच्या खिशातून. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ते 70 टक्के सरकारी दराचे असतात, दवाखान्याच्या नेहमीच्या दराचे नाहीत. मोठ्या ऑपरेशनला हा फरक जाणवतो. तरी एपीएल घराने एवढ्यावर विसंबून राहू नये. खासगी पॉलिसीची खरी गरज तुम्हालाच आहे (प्रश्न 9 पासून पुढे).

4. "कार्ड हाय की आमच्याकडं, मग पैसे का मागूलालेत?"

हा प्रश्न असाच्या असा, याच शब्दांत, महिन्यातून दोनदा तरी येतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका कागदात असतं: रेफरल लेटर.

या योजनेची रचना समजून घ्या. साधे उपचार सरकारी दवाखान्यातच घ्यायचे असतात. तिथं सोय नसेल तर सरकारी डॉक्टर लिहून देतात आणि मग यादीतल्या खासगी रुग्णालयात योजनेखाली भरती होता येतं. योजना सुरू झाली तेव्हा यादीत 1650 उपचार होते. त्यातले 169 तातडीचे म्हणून वेगळे काढले होते, त्यांना रेफरल लागत नाही. हार्ट अटॅक आला तर माणसाला आधी सिव्हिलला नेऊन चिठ्ठी आणायची गरज नाही, जवळच्या यादीतल्या रुग्णालयात न्या. पण पित्ताशयातले खडे, हर्निया, गुडघा ही दुखणी तातडीत बसतीलच असं नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींचं हेच झालं. शनिवारी संध्याकाळी पोटात कळ आली, भाऊजींनी रिक्षा केली आणि ओळखीच्या खासगी दवाखान्यात भरती केलं. 20 हजार डिपॉझिट भरलं. सोमवारी कार्ड दाखवलं तर काउंटरवरचा म्हणाला, "भरती करताना सांगितलं नाही, रेफरल नाही, आता रोखीनेच होणार." त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. कार्ड भरतीच्या वेळी दाखवायचं असतं, बिल आल्यावर नाही.

पैसे मागण्याची आणखी तीन कारणं असतात. रुग्णालय यादीत नसतं. रुग्णालय यादीत असतं, पण त्या उपचारासाठी नसतं. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. किंवा तुम्ही जनरल वॉर्ड सोडून स्पेशल रूम मागितलेली असते. म्हणून रुग्णालयात पाय ठेवला की चौकशीच्या खिडकीऐवजी आरोग्यमित्राचं (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं) टेबल शोधा आणि त्याला दोनच प्रश्न विचारा: "हा उपचार इथं योजनेत होतो का? रेफरल लागेल का?" सगळं योजनेत बसत असूनही पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच 14555 वर फोन लावा. पावती म्हटल्यावर मागणी कशी विरते ते आम्ही पाहिलंय.

बेळगाव परिसरातल्यांसाठी रेफरलची नेहमीची जागा म्हणजे बीम्सचं जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण अजून सिव्हिलच म्हणतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातूनही लेटर मिळतं, तेव्हा खानापूर-निपाणीच्या माणसाने आधी तिथं विचारावं. सकाळी लवकर जा. केसपेपर, तपासणी आणि सही एवढ्यात अर्धा दिवस जातो.

5. आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं. कार्ड निघेना. काय करू?

सीमाभागाचा हा खास आजार. बोलण्यात परशराम, शाळेच्या दाखल्यावर परशुराम, आधारवर इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग, आणि रेशनकार्डावर कन्नडमध्ये टाइप करणाऱ्याने जे ऐकलं ते. मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत असा प्रवास करून नाव परत येतं तेव्हा मालकालाही ओळखू येत नाही. त्यात आपल्याकडे कुणी बापाचं नाव मध्ये लावतो, कुणी लावत नाही, आणि लग्न झालेल्या बाईचं तर सगळंच बदलतं.

कॉम्प्युटर नाव आणि वय जुळवून बघतो. थोडा फरक असेल तर मंजुरीला वेळ लागतो, जास्त असेल तर अर्ज परत येतो. दुरुस्ती करताना घाईने आधारला हात लावू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. आधार, पॅन आणि बँक पासबुक एकसारखं असेल तर रेशनकार्ड त्याला जुळवून घ्या. आधारच चुकलेलं असेल तर शाळेचा दाखला किंवा पॅन घेऊन एकदाच, नीट, स्पेलिंग कागदावर लिहून नेऊन बदला. ऑपरेटरने टाइप केलेली पावती हातात आली की खुर्चीवरून उठायच्या आधी वाचा.

सासू-सासऱ्यांच्या रेशनकार्डावर सुनेचं नाव चढलेलं नसणं हे याच दुखण्याचं दुसरं रूप. कार्डावर नाव नाही, तर योजनेच्या लेखी ती त्या घरची नाही (प्रश्न 19 सुद्धा पाहा).

6. यशस्विनी योजना अजून आहे का? कोण घेऊ शकतं?

आहे. सहकारी संघांच्या सभासदांसाठी ही योजना 2003 पासून चालली, 2018 मध्ये आरोग्य कर्नाटकात विलीन केली गेली आणि 2022-23 मध्ये पुन्हा सुरू झाली. पुन्हा सुरू करताना ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला 500 रुपये, पुढच्या प्रत्येक माणसाला 100. शहरी सहकारी संघाच्या सभासदाला 1000 आणि पुढे माणशी 200. अनुसूचित जाती-जमातीच्या सभासदांचा हप्ता सरकार भरतं. उपचाराची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख.

एपीएल शेतकऱ्याने ही घेतलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. 500 रुपयांत याच्या जवळपास जाणारं दुसरं काही बाजारात मिळत नाही. अडचण एवढीच की नोंदणी वर्षातून ठराविक मुदतीतच होते आणि ती मुदत गावात कुणी दवंडी पिटून सांगत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला दिवाळीनंतर दर आठवड्याला विचारत राहा. बीपीएल घराकडे आयुष्मान असताना यशस्विनी लागतेच असं नाही. दोन्ही असली तरी एकाच बिलाला दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत.

7. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना आम्हाला मिळते का? आमचं गाव 865 मध्ये आहे.

महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये दावा असलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू केली. कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला. बेळगाव परिसरात नोंदणीसाठी उघडलेली केंद्रं जानेवारी 2024 मध्ये इथल्या प्रशासनाने बंद पाडली. एवढं आपण सगळ्यांनी पाहिलं.

यावर बोलताना सगळ्यांचा आवाज चढतो, माझाही चढतो. पण वडिलांना डायलिसिसला न्यायचं असेल तेव्हा आवाज चढवून भागत नाही. आमचा सल्ला कोरडा आहे. कर्नाटकातलं कार्ड आधी काढा. तो तुमचा रहिवासी म्हणून हक्क आहे आणि ते घेतल्याने कुणाचा दावा कमी होत नाही. फुले योजनेचा लाभ हवा असेल तर रुग्ण हलवण्याआधी ज्या रुग्णालयात जायचं तिथल्या आरोग्यमित्राकडून किंवा फुले योजनेच्या 155388 वरून विचारून घ्या: सीमाभागाच्या रुग्णाला कोणते कागद लागतात, आणि हा उपचार यादीत आहे का. कोल्हापूरला पोहोचल्यावर विचारू म्हटलं तर गाडीभाडं वाया जातं.

8. कर्नाटकातलं कार्ड कोल्हापूर, मिरज किंवा गोव्यात चालेल का?

आयुष्मान भारत देशभर चालते, केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांना. पण कर्नाटकात काही कुटुंबं राज्याने स्वतःच्या खर्चाने योजनेत बसवली आहेत. त्यांनी राज्याबाहेर जाण्याआधी 14555 वर आपला कार्ड नंबर सांगून विचारावं, "मी राज्याबाहेर उपचार घेऊ शकतो का?" सीमाभागातल्या माणसाला मिरज ही दवाखान्यांची पंढरीच. आजोबांपासूनची सवय आहे म्हणून लोक डोळे झाकून तिकडे निघतात. रुग्णालय यादीत असेल तरच उपयोग. एपीएलचे 30 टक्के आणि यशस्विनी राज्याबाहेर धरून चालू नका. गोव्याच्या बांबोळीतल्या सरकारी मेडिकल कॉलेजात बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना 2018 पासून शुल्क लागतं, हेही ध्यानात ठेवा.

9. सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची खासगी पॉलिसी कोणती?

कंपनीचं नाव आम्ही सांगत नाही. प्रकाराचं नाव सांगतो: आरोग्य संजीवनी. विमा नियामकाने 1 एप्रिल 2020 पासून सगळ्या कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी विकायला लावली. नियम सगळीकडे तेच, म्हणून तुलना सोपी: फक्त हप्ता आणि तुमच्या दवाखान्यात कॅशलेस (म्हणजे बिल कंपनीने थेट भरायची सोय) आहे का, एवढंच बघायचं. प्रत्येक बिलात 5 टक्के तुम्ही भरायचे. खोलीभाडं विमा रकमेच्या 2 टक्के, कमाल 5000 रोज. मोतीबिंदूला एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40 हजार, यातली कमी असेल ती रक्कम. क्लेम न केलेल्या वर्षाला 5 टक्के बोनस, 50 टक्क्यांपर्यंत.

एक चांगली बातमी: 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. जी पॉलिसी 11,800 ला पडायची ती 10,000 ला. एजंट अजून जुना आकडा सांगत असेल तर त्याला तारीख सांगा.

हप्त्याचे पैसे आयकर वाचवण्यासाठी दाखवता येतात, पण फक्त जुन्या करपद्धतीत. मागावर मजुरी घेणाऱ्याला याचा तसा उपयोग नाही.

10. सुपर टॉप-अप फार स्वस्त मिळतं म्हणे. तेच घेतलं तर?

स्वस्त आहे, कारण खालचे पैसे तुमचे. पाच लाखांच्या वरचं सुपर टॉप-अप घेतलं आणि वर्षाचं बिल आठ लाख झालं, तर कंपनी तीन लाख देते. पहिले पाच कुठून आणायचे हा तुमचा प्रश्न.

इथं एक सापळा आहे आणि शिकलेली माणसंही त्यात पडतात. "पहिले पाच लाख आयुष्मानचे, वरचे टॉप-अपचे" असा हिशेब कागदावर सुंदर दिसतो. पण आयुष्मान यादीतल्या रुग्णालयात, जनरल वॉर्डात, ठरलेल्या दराने चालते. तुम्ही टॉप-अप वापरायला खासगी खोलीत भरती झालात की आयुष्मान सुटली. मग पहिले पाच लाख सोनं गहाण ठेवून भरा. म्हणून बीपीएल घराला मी मोठ्या टॉप-अपऐवजी तीन लाखांची छोटी साधी पॉलिसी सुचवतो. ज्यांच्याकडे साधी पॉलिसी आधीच आहे त्यांनी तिच्या रकमेवर बसेल असं टॉप-अप घ्यावं, मग ते खरंच स्वस्तात पडतं.

11. पॉलिसी असूनही माझ्याकडून 40 हजार का घेतले?

बहुतेक खोलीमुळे. माझ्या आत्याचाच हिशेब मांडतो. विमा दोन लाखांचा, म्हणजे खोलीभाडं 4000 पर्यंत मान्य. तिने 6000 ची खोली घेतली, चार दिवस. तिच्या मते जादा खर्च आठ हजारांचाच होता, तेवढे आपण देऊ.

बिल झालं दीड लाख: खोलीचे 24,000, ऑपरेशन, डॉक्टर, नर्सिंग यांचे 90,000 आणि औषधं-तपासण्यांचे 36,000. कंपनीने खोलीचे 16,000 धरले. मग त्याच प्रमाणात, म्हणजे दोन तृतीयांश, ऑपरेशन-डॉक्टरचे 60,000 धरले. औषधं-तपासण्यांना कात्री लागत नाही, ते 36,000 पूर्ण. झाले 1,12,000. त्यातून 5 टक्के आत्याचे, 5,600. कंपनीने दिले 1,06,400 आणि आत्याने भरले 43,600. खिडकीतून झाड दिसणाऱ्या खोलीची ही किंमत. नियम पॉलिसीत लिहिलेलाच होता, आम्हीच वाचला नव्हता.

भरती होताना काउंटरवर म्हणा, "माझ्या पॉलिसीत खोली इतक्याचीच बसते, तेवढ्यातलीच द्या." त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

12. शुगर-बीपी आहे. एजंट म्हणतो, लिहू नका, हप्ता वाढेल. लिहू का?

लिहा. 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांत आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं, पूर्वी चार होती. तीन वर्षं हप्ते भरले की शुगरमुळे झालेलं दुखणंही विम्यात येतं. लपवलंत तर पहिल्याच मोठ्या क्लेमला डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीवर बोट ठेवून पॉलिसीच रद्द होते. पाच वर्षं सलग भरल्यावर कंपनीला न सांगितल्याचं कारण काढून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. पण त्या पाच वर्षांवर जुगार खेळू नका.

सुरुवातीचे 30 दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांना वेगळी थांबायची मुदत असते. पॉलिसी हातात आली की तुमच्या नावाने भरलेला प्रस्ताव अर्ज वाचा. तंबाखूच्या रकान्यात एजंटने परस्पर "नाही" लिहिलेलं सापडतं. चूक असेल तर 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते.

13. आई-वडील साठीच्या पुढचे आहेत. त्यांना कोण घेणार?

वय जास्त म्हणून दार बंद, हा नियम 2024 पासून गेला. कंपन्यांना सर्व वयांसाठी काहीतरी ठेवावं लागतं. हप्ता मात्र जड असतो आणि 10 ते 20 टक्के तुमचे अशी अट सहसा असते. 30 जानेवारी 2025 पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते.

सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, 5 लाखांचे उपचार देण्याची आयुष्मान वय वंदना योजना केंद्राने 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू केली. त्यावर विसंबण्याआधी तुमच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला नाव घेऊन विचारा, "वय वंदनावर इथं भरती करून घेता का?" होय म्हणाला तरच खासगी पॉलिसी बंद करायचा विचार करा. एकदा मोडलेली पॉलिसी त्या वयात परत जुळत नाही.

14. फाउंड्रीत कंत्राटदाराकडे आहे. विमा नाही म्हणतात. खरं का?

बहुधा खोटं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू होतो, कंत्राटी असला तरी. कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के. कंत्राटदाराने भरले नाहीत तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. पगारपत्रकात कपात दिसते का बघा आणि आपला विमा क्रमांक मागा. ईएसआयला 5 लाखांची मर्यादा नाही आणि बायका-पोरंही त्यात येतात. हे सोडून पॉलिसी विकत घेणं म्हणजे विहीर असताना टँकर मागवणं.

नोकरी सोडताना कंपनीचा गट विमा असेल तर शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा. थांबलेली वर्षं मोजली जातात. नंतर गेलात तर शून्यापासून.

15. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. आम्हाला काय?

पेन्शन असेल तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. बेळगावात त्याचं पॉलिक्लिनिक आहे. बायको, अवलंबून असलेली मुलं आणि ठराविक उत्पन्नाखालचे आई-वडील त्यात येतात. मुलगा कमावता झाला, त्याचं लग्न झालं किंवा 25 पूर्ण झाली की बाहेर. नेमका हाच मुलगा आमच्याकडे येतो, "आजपर्यंत लागलं नव्हतं" म्हणत. त्याने प्रश्न 9 वाचावा.

16. बँकेने 20 रुपयांत विमा दिलाय. तो पुरेल ना?

तो अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाचा विमा, दोन लाखांचा. दवाखान्याचं बिल त्यातून मिळत नाही. 436 रुपयांचा असतो तो जीवन विमा. दोन्ही असू द्यात, आरोग्य विमा समजू नका. पतसंस्था कर्ज देताना गट आरोग्य विमा गळ्यात घालतात. संस्था आणि कंपनीचं जमलं नाही की तो एका वर्षात बंद होतो. त्याची मुख्य कागदपत्रं मागा, नुसती पावती नको.

17. पोरगा पुण्यात आहे, पॉलिसी बेळगावच्या पत्त्यावर. चालेल का?

काही कंपन्या शहरांचे विभाग पाडतात. बेळगावचा हप्ता कमी, पुण्या-मुंबईचा जास्त. कमी हप्त्याच्या पत्त्यावर घेऊन पुण्यात भरती झालात तर काही पॉलिसींत बिलाचा ठराविक हिस्सा तुमच्यावर येतो. घेताना "झोन" हा शब्द विचारा. आरोग्य संजीवनीत हा घोळ नसतो.

18. क्लेम नाकारला. कोर्टात जाऊ?

आधी कारण लेखी घ्या. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. बिल भरून कागद पाठवता येतात. कॅशलेसचा निर्णय अर्ज आल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी, असा 2024 पासून नियम आहे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर बेंगळुरूचे विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं. नियामकाच्या तक्रार सेवेचा, विमा भरोसाचा, फोन 155255. आमच्या एका मागवाल्या काकांनी वहीच्या पानावर अर्ज लिहून पैसे मिळवले, तेव्हा भाषेची भीड बाळगू नका.

19. मुलगी चंदगडला दिली आहे, पहिलं बाळंतपण आमच्याकडे बेळगावात. तिचं कार्ड कुठलं चालेल?

तिचं रेशनकार्ड सासरचं, महाराष्ट्रातलं असेल तर आरोग्य कर्नाटकच्या हिशेबात ती तुमच्या घरची नाही. माहेरच्या कार्डावर नाव तसंच ठेवून दोन्हीकडचं वापरायची युक्ती करू नका. दोन राज्यांत नाव असणं गैर आहे, आणि आधार जोडलेलं असल्याने ते सापडतंच. महात्मा फुले योजना बेळगावच्या दवाखान्यात धरून चालू नये. तिच्याकडे केंद्राचं आयुष्मान कार्ड असेल तर यादीतल्या रुग्णालयात विचारा (प्रश्न 8). खासगी पॉलिसीत बाळंतपण असलंच तर त्याला नऊ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे आता घेऊन उपयोग नाही.

पण सरकारी दवाखान्यात यातलं काहीच लागत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून देशात कुठल्याही सरकारी रुग्णालयात बाळंतपण फुकट आहे. सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडीही त्यात आली. बाळ आजारी पडलं तर वर्षभर त्याचे उपचारही. सातव्या महिन्यात ती आली की चंदगडचं माता-बाल कार्ड घेऊन इथल्या आशाताईंकडे नोंद करा, म्हणजे तायी कार्डाचा (कर्नाटकातल्या माता कार्डाचा) प्रश्न तिथंच सुटतो. आणि सासरच्या रेशनकार्डावर तिचं नाव अजून चढलेलं नसेल, तर जावयाला आजच फोन करा.